ओठ मिटलेला फोटो

मुलीने एकच काम सांगितलं होतं. आईचा एक चांगला फोटो निवडायचा, कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडे देऊन मोठा करून घ्यायचा आणि रविवारच्या आत बाहेरच्या खोलीत लावायचा. रविवारी आईला जाऊन वर्ष होत होतं. चार नातेवाईक येणार होते. चहापाणी, खुर्च्या, फोन करणं हे सगळं मुलीने स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. "एवढं तरी जमेल ना, बाबा?" असं तिने फोनवर विचारलं, आणि त्या 'तरी'त गेलं सगळं वर्ष आलं.

जमेल, असं दातवाले म्हणाले.

सगळी गल्ली त्यांना दातवालेच म्हणायची. ते डॉक्टर नव्हते, कवळ्या करायचे. रस्त्यापलीकडे दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. तिथून लोकांच्या जबड्यांचे ठसे ओल्या फडक्यात गुंडाळून यायचे. दातवाले त्यात प्लॅस्टर ओतायचे, ते घट्ट झालं की ठसा सोडवायचे, आणि हातात त्या माणसाचा जबडा यायचा, पांढरा आणि थंड. त्यावर मेण लावायचं, मेणात दात बसवायचे, चावा जुळतो की नाही ते पाहायचं, घासायचं, पुन्हा पाहायचं. तुटलेल्या कवळ्या लोक थेट त्यांच्याकडेच आणून द्यायचे. हे सारं घराच्या मागच्या खोलीत चालायचं. त्या खोलीच्या तिन्ही भिंतींना फळ्या होत्या आणि फळ्यांवर चाळीस वर्षांचे साचे ओळीने बसलेले होते. प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीने नंबर लिहिलेला होता, पण तो दुसऱ्यांसाठी. दातवाल्यांना लागायचा नाही.

खोलीत आलेला माणूस ते साचे बघून म्हणायचा, एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा. दातवाल्यांना या बोलण्याचं नवल वाटायचं. एक साचा दुसऱ्यासारखा कुठे होता? ही एक जण उजव्या बाजूनेच चावणारी. हा झोपेत दात खाणारा, सगळी टोकं सपाट झालेली. याला लहानपणी अंगठा चोखायची सवय असणार. याच्या खालच्या दातांत गर्दी, जत्रेतल्यासारखी, कोणी पुढे कोणी मागे. आणि दात हट्टी असतात. तार लावून सरळ करा, तार काढली की हळूहळू जुन्या जागेकडे सरकायला लागतात. दातवाल्यांना एकदा पाहिलेला जबडा वीस वर्षांनी दाखवला तरी ते सांगायचे, हा अमक्याचा.

चेहऱ्याचं मात्र उलटं होतं.

चेहरा दिसत नव्हता असं नाही. नाक, डोळे, भुवया, तीळ, सगळं स्वच्छ दिसायचं. पण माणूस पाठ फिरवून गेला की ते सगळं सुटं होऊन जायचं, आणि दुसऱ्या दिवशी तोच समोर आला तर तो नवाच असायचा. नदीकाठचे गोटे असतात तसं. प्रत्येक गोटा वेगळा असतो हे कोणीही कबूल करेल, पण काल पाहिलेला गोटा आज शोधून आण म्हटलं तर कोण आणेल? लहानपणी त्यांना वाटायचं की सगळ्यांचं असंच असतं, बाकीचे फक्त जास्त लक्ष देतात. मग त्यांनीही खूप लक्ष दिलं. काही उपयोग झाला नाही. लोक त्यांना शिष्ट म्हणायला लागले. समोरून गेला तरी मान हलवत नाही, असं म्हणायला लागले. त्यांनी ते म्हणू दिलं. वेडा म्हणवून घेण्यापेक्षा शिष्ट बरं.

हे फक्त एका माणसाला ठाऊक होतं आणि ते माणूस वर्षापूर्वी गेलं.

लग्नाला तीन महिने झाले असतील तेव्हाची गोष्ट. बायको माहेरून परत येत होती आणि ते तिला घ्यायला बसथांब्यावर उभे होते. ती केस कापून आली होती आणि अंगात बहिणीचा कोट होता. ती उतरली आणि हसू दाबून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. दातवाल्यांना वाटलं कोणा बाईला वाट हवी आहे. ते अदबीने बाजूला सरकले.

तिने रस्त्यात काही विचारलं नाही. दोन दिवस घरातही काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "तुम्हाला माणसं ओळखू येत नाहीत. होय ना?"

दातवाल्यांनी हातातला घास ताटात ठेवला. ते म्हणाले, "दात दिसले की येतात."

ती हसली. किती वेळ हसत होती. हसताना तिचा वरचा डावा सुळा दिसला, शेजारच्या दातावर चढून बसलेला, जागा नसताना बाकावर बसलेल्या पाहुण्यासारखा. या दाताची तिला लहानपणापासून लाज. चारचौघांत हसायची वेळ आली की तोंडावर हात जायचा. "हा का?" तिने बोट लावून विचारलं. "हाच," ते म्हणाले.

त्या दिवसापासून तिने ते काम स्वतःकडे घेतलं. त्याबद्दल पुन्हा कधी बोलणं झालं नाही. दारात कोणी आलं की ती आतून मोठ्याने म्हणायची, "या पोस्टमनभाऊ, बसा," की दातवाल्यांना कळायचं. लग्नाकार्यात ती त्यांच्या डाव्या कोपराला धरून चालायची आणि समोरून येणाऱ्याचं नातं हळूच कानात सांगायची. लोक म्हणायचे, जोडी बघा, अजून कानात बोलतात. आणि रस्त्यात ती लांबून येत असली की वरचा ओठ उचलून सगळे दात दाखवायची. वीस पावलांवरून त्यांना तो सुळा दिसायचा आणि जिवाला बरं वाटायचं. गल्लीला वाटायचं, बाई सदा आनंदी.

ती गेल्यावर दारात येणारा प्रत्येक माणूस अनोळखी झाला.

मीटर बघायला आलेल्या माणसाला त्यांनी मेहुणीचा नवरा समजून आत बसवलं, चहा दिला आणि गुडघे कसे आहेत म्हणून विचारलं. तो भला माणूस होता, त्याने चहा घेतला आणि आपल्या गुडघ्यांचं सविस्तर सांगितलं. जावई एकदा न सांगता आला तर त्याला दारातच विचारलं, कोण हवंय. जावयाने तिथे काही दाखवलं नाही, घरी जाऊन बायकोला सांगितलं. मग ते कवळ्यांचं झालं. निवृत्त पोस्टमन आणि निवृत्त मास्तर, दोघांनी एकाच आठवड्यात चिरलेली कवळी दुरुस्तीला दिली. कोणती कवळी कोणाची यात दातवाल्यांची चूक होणं शक्यच नव्हतं. चूक माणसांत झाली. मास्तर आले, पोस्टमनची कवळी घेऊन गेले, दोन दिवस तशीच घालून जेवले आणि तोंड सोलून घेऊन परत आले. तोंड उघडा म्हटलं असतं तर हिरडी बघून एका क्षणात कळलं असतं. पण मास्तरांना घाई होती, आणि ओळखीच्या माणसाला तोंड उघडा कसं म्हणायचं?

हे सगळं मुलीच्या कानावर गेलं. तिने त्याचा एकच अर्थ लावला, आणि तिच्या जागी कोणीही असतं तरी तोच लावला असता. बाबा विसरायला लागलेत. तिने सोमवारची डॉक्टरची वेळ घेतली होती. आपल्या घरातली एक खोली बाबांसाठी रिकामी करून ठेवली होती. इकडे मागच्या खोलीतला बर्नर, मेण, ती उग्र वासाची बाटली, एकटा माणूस, आज ना उद्या काहीतरी होऊन बसेल, असं तिचं म्हणणं. आता पुरे झाले दात, बाबा. ती हे रागाने म्हणत नव्हती. म्हणूनच दातवाल्यांना तिच्यावर रागावता येत नव्हतं.

खरं सांगायला जीभ उचलत नव्हती. एक तर चाळीस-पन्नास वर्षं झाकलेली गोष्ट. आणि ते सांगितलं की पुढचंही सांगावं लागलं असतं. तुझ्या आईचा चेहरा माझ्याजवळ नाही. डोळे मिटले की आवाज येतो, पावलं ऐकू येतात, तो सुळा दिसतो. त्याच्याभोवती काय होतं, ते येत नाही. वर्ष झालं, एकदाही आलं नाही. असं कोणत्या मुलीला सांगायचं?

बुधवारी त्यांनी बिस्किटांचा डबा काढला. त्यात घरातले सगळे फोटो होते. मागच्या खोलीत दिव्याखाली त्यांनी ते कामाच्या टेबलावर मांडले आणि साचे तपासतात तसे एकेक करून पाहिले. एकाही फोटोत तिचे दात दिसत नव्हते. कॅमेरा समोर आला की ती ओठ घट्ट मिटायची. आणि तिची धाकटी बहीण तिच्यासारखीच दिसायची म्हणे. सगळे म्हणायचे, जुळ्याच वाटतात. पोरीपासून प्रौढ बाईपर्यंत कितीतरी ओठ मिटलेल्या बाया टेबलावरून दातवाल्यांकडे पाहत होत्या.

त्यांनी खुणा शोधल्या. लग्नाचा फोटो ओळखता आला, कारण शेजारी ते स्वतः होते, म्हणजे त्यांचा कोट होता. पण त्यात ती अगदीच पोर. मुलगी मांडीवर घेतलेला एक होता, तो हललेला. मग एक सापडला. खिडकीजवळ बसलेली बाई, अंगात निळा स्वेटर, गळ्याला पांढरी कड. हा स्वेटर तिने स्वतः विणला होता. त्याच्या कोपरांना भोकं पडली तरी तिने तो टाकला नव्हता, अजून कपाटात होता. दातवाल्यांनी कपाट उघडून स्वेटर आणला आणि फोटोशेजारी ठेवून टाके पडताळले. तोच. मग त्यांना शंका राहिली नाही.

फोटोवाला नवा होता, त्याने तिला कधी पाहिलेलं नव्हतं. तो म्हणाला, चेहऱ्यावर काय समाधान आहे बघा. दातवाले म्हणाले, हो.

गुरुवारी फोटो भिंतीवर लागला. गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार दातवाले त्याच्यासमोर बसले. सकाळी चहाचा कप घेऊन बसायचे आणि काय काय सांगायचे. हवा दमट आहे, प्लॅस्टर लवकर धरत नाही. डॉक्टरीणबाईंनी नवीन मुलगी ठेवलीय, ठसे नीट घेत नाही, मागच्या दाढा येतच नाहीत. मुलगी म्हणते तिकडे चला, काय करू? ते त्या डोळ्यांकडे बघायचे, उठून आत जायचे, परत येऊन बघायचे. पाठ करायला बसलेल्या मुलासारखं. शनिवारी संध्याकाळी त्यांना वाटलं, थोडं थोडं राहतंय. उशिरा का होईना, चेहरा हाताला लागतोय.

रविवारी सकाळी मुलगी आली. वाटेत मावशीलाही बरोबर घेऊन आली होती. जिन्यावर दोघींचा आवाज ऐकून दातवाल्यांनी दार उघडलं आणि बाजूला झाले. त्यांना वाटलं होतं, मुलगी आल्याआल्या फोटो बघेल आणि म्हणेल, छान झालाय.

मुलीने बघितला. हातातली पिशवी तिने खाली ठेवली नाही. मेहुणी तिच्या मागून आत आली, तिनेही बघितलं. दातवाल्यांना कळेना की फ्रेम वाकडी लागलीय की काय.

मग मेहुणी म्हणाली, "भावोजी, मी अजून आहे हो."

दातवाल्यांना हे वाक्य समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ते खुर्चीत बसले.

"त्या हिवाळ्यात ताईचा स्वेटर मी नेला होता महिनाभर," मेहुणी आपली बोलत राहिली, कारण कोणीतरी बोलायला हवं होतं. "खिडकी आमच्याकडचीच आहे."

मुलीने पिशवी ठेवली, खुर्ची ओढली, वर चढून फोटो उतरवला आणि भिंतीकडे तोंड करून आतल्या खोलीत ठेवून दिला. तासाभराने पाहुणे आले. चहा झाला. कोणीतरी रिकाम्या खिळ्याकडे बघून विचारलं, तेव्हा मेहुणीने सांगून टाकलं की काच तडकली, फ्रेम दुरुस्तीला दिलीय. लोक चांगलं बोलले. बाई सदा हसतमुख असायची, असं दोघांनी सांगितलं. दातवाले ऐकत होते. कोण बोलतंय ते त्यांना कळत नव्हतं आणि आज कानात सांगायला कोणी नव्हतं. मुलगी सगळ्यांना चहा देत होती, पण त्यांच्याकडे बघत नव्हती.

पाहुणे गेल्यावर तिने कप गोळा केले, नळाखाली धरले, आणि अर्धे धुऊन तशीच बाहेर आली. हात ओले होते.

"चाळीस वर्षं, बाबा," ती म्हणाली.



तिने हळूहळू, दमलेल्या आवाजात बोलायला सुरुवात केली. उद्या डॉक्टरकडे जायचं आहे, त्यात आता बदल नाही. महिनाअखेर मागची खोली बंद करायची. आजार असेल तर असेल, त्यात कोणाचा दोष नाही, ती सगळं करायला तयार आहे. एवढं बोलून ती थांबली. मेहुणी उठून आत जायला लागली, तर मुलीने तिला बस म्हणून सांगितलं.

"पण मला आजार वाटतच नाही," ती म्हणाली. "विसरणारा माणूस कालचं विसरतो. तुमचं हे जुनंच आहे. मी शिकायला गेले होते, दीड वर्षाने परत आले, आई तापाने पडली होती म्हणून तुम्ही एकटे स्टेशनवर आला होतात. आठवतं? मी डब्यातून उतरले, हात केला. तुम्ही माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं, बाबा. आणि पुढच्या डब्याकडे निघून गेलात."

दातवाल्यांना आठवत होतं.

"मी तिकडे असताना तुम्हाला न कळवता, तुमच्या मनाविरुद्ध दात सरळ करून घेतले म्हणून तुम्ही तोंड फिरवलंत, असं मी धरून चालले. पंधरा वर्षं झाली, कधी विचारलं नाही. आज वाटतं, ते तसंही नसेल. तुम्ही आमच्याकडे कधी पाहिलंच नाही. ना तिच्याकडे, ना माझ्याकडे. तुमचे ते प्लॅस्टरचे जबडे बरे."

दातवाले खिळ्याकडे बघत होते. आपण आता फार थकलो आहोत, एवढंच त्यांच्या मनात आलं. झाकायलाही अंगात बळ लागतं, ते उरलं नव्हतं.

"दात सरळ झाले होते म्हणूनच," ते म्हणाले. "मी तुला शोधत होतो. गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येक पोरीच्या तोंडाकडे बघत होतो. तुझा खालचा दात, मधून डावीकडे दुसरा, आत वळलेला होता. तो कोणाच्याच तोंडात नव्हता. तू हसलीस माझ्याकडे बघून, ते मी पाहिलं. पण ते दात कोणाचेही असतील तसे होते. मला वाटलं कोणी दुसरीच मुलगी, माझ्या मागच्या माणसाकडे बघून हसतेय."

मग त्यांनी बाकीचंही सांगितलं. बसथांब्यापासून सुरुवात केली. मध्ये मध्ये थांबत, एकदा पाणी पिऊन, सगळं. मास्तरांच्या कवळीचं सांगितलं, जावयाचं सांगितलं. शेवटी, नजर खाली ठेवून, आईचा चेहरा आपल्याजवळ नाही हेही सांगितलं.

मुलगी ऐकून घेत होती, पण तिला हे पटवून घेणं जड जात होतं. डोळे चांगले असलेला माणूस, केसाएवढी चीर शोधणारा, त्याला बायकोचा चेहरा कळू नये, असं कुठे असतं का? म्हातारपणी माणूस काहीबाही रचून सांगतो, तसंही तिला वाटलं असेल. ती म्हणाली, आई मला कधी बोलली नाही.

तेव्हा मेहुणीने कपाळावर हात मारला.

"म्हणून ती रस्त्याने दात काढत चालायची," ती म्हणाली. "अगं, मी तिला किती टोचून बोलायचे. म्हणायचे, घरात एवढं काय सुख सांडलंय की बाजारातून दात विचकत येतेस? माझ्याबरोबर असली की तोंडावर हात, आणि तुमच्या गल्लीचं वळण आलं की ओठ वर. मला वाटायचं, हिच्या डोक्यात काही आहे. ती म्हणायची, सवय आहे गं."

मुलगी मावशीकडे बघत राहिली. तिलाही आठवत असणार. शाळेतून परत येताना आईचं बोट धरलेलं, आणि घराजवळ आल्यावर आईचं ते रुंद, उगीचच वाटणारं हसू. लहानपणी तिने त्या हसण्याची नक्कल करून दाखवली होती आणि आईने तिला जवळ घेतलं होतं.

दातवाले उठून मागच्या खोलीत गेले. सगळ्यात वरच्या फळीवर फडक्यात गुंडाळून ठेवलेला एक साचा होता, तो त्यांनी आणून टेबलावर ठेवला. बुडाला नंबर नव्हता. मुलीने फडकं सोडलं. पांढऱ्या प्लॅस्टरवर डावा सुळा शेजाऱ्याच्या अंगावर चढून बसला होता. तिने त्यावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, आणि मग तिला रडू आलं. वर्षभरात ती वडिलांसमोर रडली नव्हती. मेहुणी उठून राहिलेले कप धुवायला गेली.

बऱ्याच वेळाने मुलगी मागच्या खोलीत शिरली. बंद करायची म्हणून तिने ती खोली बाहेरूनच पाहिली होती. कित्येक वर्षांत ती आत उभी राहिली नव्हती. दारामागच्या फळीवर नऊ लहान साचे होते. सहाव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत, दर वाढदिवसाला तिचा ठसा घेतलेला. तिला त्या ओल्या, गिळगिळीत ठशाचा राग यायचा, ओकारी यायची, आणि चौदाव्या वर्षी तिने साफ सांगितलं होतं की आता पुरे. दुसऱ्यांच्या घरी भिंतीवर उंचीच्या रेघा असतात, आमच्याकडे हे, असं ती मैत्रिणींना सांगून हसायची. पडलेले दुधाचे दात, मधली खिंड, अर्धे उगवलेले, मग तो आत वळत चाललेला खालचा दात. ओळीने होतं सगळं, धूळ न बसलेलं.

तिने बर्नरच्या नळीला हात लावून बघितला आणि म्हणाली, ही नळी जुनी झालीय, बदलून घ्या. खोली बंद करायचं त्या दिवशी पुन्हा निघालं नाही.

संध्याकाळी निघताना मेहुणीने आपला फोटो मागून घेतला. असू दे माझ्याकडे, फ्रेमही चांगली आहे, माझ्या वेळेला पोरांची धावपळ नको, असं म्हणून तिने तो वर्तमानपत्रात बांधला. दातवाल्यांनी मान खाली घातली. तीन दिवस आपण या फोटोला काय काय सांगितलं ते त्यांना आठवलं. दारात ती वळली आणि म्हणाली, "आणि भावोजी, गिऱ्हाइकाला सरळ तोंड उघडायला सांगत जा. दातवाल्याकडे येऊन तोंड उघडायला कसली आलीय लाज?"

हे चाळीस वर्षांत कोणाला सुचलं नव्हतं. सुचायची गरज पडली नव्हती.

सोमवारी डॉक्टरकडे जाणं झालंच. मुलीनेच सगळं सांगितलं. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले, ते सगळं दातवाल्यांनी बरोबर सांगितलं. मग डॉक्टर म्हणाले की अशी माणसं असतात, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा पुष्कळ असतात. त्यावर औषध नाही. बोलताना त्यांचा वरचा एक दात निळसर दिसत होता, आतली नस मेलेली असणार. दातवाल्यांनी ते सांगावं की नाही याचा विचार केला आणि सांगितलं नाही.

मुलीने फोटोंचा डबा बरोबर नेला होता. तो चार दिवसांनी परत आला. प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिलेलं होतं. डावीकडून दुसरी आई. ही मावशी, आई फोटो काढत होती. उजवीकडे आई, मांडीवर मी. आईचा एक फोटो तिने मोठा करून पाठवला होता, तो त्या खिळ्यावर लागला. ओठ मिटलेला. आल्यागेल्यासाठी ठीक होता. दातवाल्यांनी त्याच्याशी बोलायचा प्रयत्न केला नाही. फडक्यातला साचा त्यांनी वरच्या फळीवरून खाली आणला आणि कामाच्या टेबलाच्या कोपऱ्यात ठेवला, दिव्याचा उजेड पडेल असा.

पुढच्या रविवारी ते बसथांब्यावर उभे होते. मुलगी येणार होती. बर्नरची नवी नळी आणणार होती. बस आली, दार उघडलं आणि माणसं उतरायला लागली. चेहरे आले आणि गेले, चेहरे आले आणि गेले. दातवाले नेहमीसारखे एका बाजूला, वाट न अडवता, उभे राहिले. पाय दुखत होते. तीन बायका एकापाठोपाठ उतरल्या. दोघी आपापल्या वाटेला लागल्या. तिसरी वीस पावलांवर थांबली, हातात पिशवी धरून. तिने वरचा ओठ उचलला, खालचा ओठ खाली ओढला आणि भर रस्त्यात सगळे दात दाखवले. शेजारून जाणाऱ्या माणसाने वळून बघितलं.

वरची ओळ सरळ होती, कोणाचीही असावी तशी. दातवाल्यांनी खाली पाहिलं. मधून डावीकडे दुसरा. किंचित आत वळलेला. अजून पुरता नाही, पण त्या नवव्या साच्यात होता त्याच बाजूला.

ते पुढे झाले. "रात्रीची तार लावायची सोडलीस वाटतं," ते म्हणाले.

"कधीच सोडली," ती म्हणाली.

"पिशवी इकडे दे."

ती नको म्हणाली, मग दिली, आणि त्यांच्या डाव्या कोपराला धरून चालू लागली. वळणावर समोरून एक म्हातारा येत होता. ती त्यांच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "मास्तर."